पिंपातला आवाज

ओइवा रांताकांगास याने चाळीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत करवतींना धार लावली. पट्ट्याची करवत खाली उतरवून टांगली की तो तिच्यावर बोटाच्या पेरानं एक टिचकी मारायचा, कान जवळ न्यायचा आणि खडूनं एका जागी रेघ ओढायचा. डोळ्यांना तिथे काही दिसत नसे. पण भिंगाखाली धरलं की केसाएवढा तडा असायचाच. पुढे गिरणीत तडे शोधायचं यंत्र आलं, त्यासाठी शिकलेला इंजिनियर आला, तरी तो इंजिनियरही अवघड पट्टा आला की खाली ओइवाच्या खोलीत यायचा, उगाच हवापाण्याचं बोलायचा आणि जाता जाता म्हणायचा, जरा हेही ऐकून ठेव. या गोष्टीचा ओइवाला अभिमान होता. तो त्यानं कधी बोलून दाखवला नाही. त्या गावात बोलून दाखवायची पद्धतच नाही.

निवृत्त झाल्यावर हेच कान त्यानं दुसऱ्या कामाला लावले. मुलगी स्वीडनमध्ये नोकरीला गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. तिथे त्यानं आठ आवाजांचा एक मिक्सर मांडला, दोन मायक्रोफोन, एक रेकॉर्डर. भिंतींना चिंध्यांचे विणलेले गालिचे टांगले. गावातले वाजवणारे, गाणारे एकेक करून यायचे आणि वसंतात त्यांची एक तबकडी तयार व्हायची. गावमंडळ ती चाळीसेक घरांना पाठवायचं. ही घरं गावातली नव्हती. साठ-सत्तरच्या सालांत समुद्रापलीकडच्या कारखान्यांत गेलेली आणि तिथेच राहिलेली माणसं होती ती. तबकडी मिळाली की ती ओइवाला पत्र लिहीत. पत्रात हवामान असे, गुडघ्यांचं दुखणं असे आणि शेवटी एक ओळ, की तबकडी ऐकली.

गालिच्यांमुळे त्या खोलीत आवाज फार कोरडा यायचा. सुकवलेल्या मासळीसारखा, म्हणजे चव सगळी असते पण गिळवत नाही. गाण्याला थोडा घुमारा लागतो. त्यासाठी ओइवानं सुरुवातीला सौनाची, म्हणजे अंगणापलीकडच्या वाफ घ्यायच्या खोलीची, न्हाणी वापरली. खोलीतून एक लांब वायर अंगणातून न्हाणीत नेली, तिथल्या बाकावर एक स्पीकर ठेवला, समोरच्या भिंतीशी मायक्रोफोन. फरशीवर घुमलेला आवाज तो परत मिक्सरमध्ये आणायचा. सुरेख यायचा. फक्त न्हाणीत ओल चालत नसे, त्यामुळे कामाचे दिवस असले की शनिवारीसुद्धा सौना तापत नसे. लेंपीनं, त्याच्या बायकोनं, दोन हिवाळे हे सोसलं. तिसऱ्या शरदात तिनं जेवताना बटाटा सोलता सोलता सांगितलं, "त्या न्हाणीत एक तर मी आंघोळ करीन, नाहीतर तुझा स्पीकर. दोघांचं जमायचं नाही."

म्हणून ओइवानं शहरातल्या एका नाचगाण्याच्या बँडमधल्या गिटारवाल्याकडून घुमाऱ्याचं जुनं यंत्र घेतलं. इफेक्ट्स प्रोसेसर. पुस्तकाएवढी लोखंडी पेटी, पुढे चार बटणं, मागे भोकं. माहितीपत्रक कधीच हरवलेलं. एका बटणाशी गिटारवाल्यानं पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला होता आणि बटण बरोबर मध्यावर त्या ठिपक्याशी टेकलेलं होतं. यंत्र देताना तो म्हणाला होता की हे एवढं हलवू नकोस, दहा वर्षं हे असंच आहे आणि एकदाही दगा दिलेला नाही. दुसऱ्यानं खूण करून ठेवलेल्या जागेला हात लावायचा नाही, ही गिरणीतली शिस्त. ओइवानं लावला नाही.

जोडणी त्याला अवघड वाटली नाही. मिक्सरवर प्रत्येक आवाजाला एक छोटं बटण असतं, ते फिरवलं की त्या आवाजाचा एक वाटा मागच्या भोकातून बाहेर पडतो. तिथून एक वायर यंत्राच्या तोंडाशी. यंत्राच्या शेपटाकडून दोन वायरी निघतात, डावी आणि उजवी, त्या परत मिक्सरमध्ये. मूळ आवाज मिक्सरमधून सरळ जातो, त्याचा वाटा यंत्रातून फिरून येतो आणि दोन्ही पुढे एकत्र होतात. न्हाणीतही हेच चालायचं, आता फक्त अंगण मध्ये नव्हतं. त्या शनिवारी सौना तापली. लेंपी तासभर बाहेर आली नाही.

जानेवारीत पहिला विल्हो आला, व्हायोलिनवाला. आजोबांचं व्हायोलिन, नवरीला निरोप देताना वाजवायच्या चाली. ओइवानं रेकॉर्ड केलं आणि कानाला हेडफोन लावले.

आवाज पोकळ होता. सूर बरोबर होते, घुमाराही होता, पण सगळं एखाद्या पिंपात बसून वाजवल्यासारखं. मधलं अंग कुणीतरी खरवडून काढल्यासारखं. त्यानं हेडफोन विल्होला दिले. विल्होनं पूर्ण चाल ऐकली, हेडफोन काढून मांडीवर ठेवले, खिडकीबाहेर बर्फाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाईट नाही."

त्या गावात याहून मोठी शाबासकी नाही. मग दोघांनी कॉफी घेतली, लेंपीचा वेलचीचा गोड पाव खाल्ला आणि विल्हो गेला.

ओइवानं वायरी बदलल्या. भोकं पुसली. मायक्रोफोन हलवले. यंत्राची वायर काढून ऐकलं, तर व्हायोलिन कोरडं पण स्वच्छ. वायर लावली की पुन्हा पिंप. पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये वाजवणारी इर्या आली, तिनं पायपेटीवर तीन भजनं वाजवली. पिंप. इर्यानं ऐकलं आणि म्हणाली की चालेल की. लेंपीला बोलावून ऐकवलं. तिनं हात पुसून एक कान हेडफोनला लावला, छान आहे म्हणाली आणि चुलीकडे गेली.

तीन माणसांना ते ऐकू येत नव्हतं, एकट्या ओइवाला येत होतं. तेव्हा त्याला बापाची आठवण झाली.

बाप त्याच गिरणीत, मोठ्या करवतीवर. पन्नाशी उलटल्यावर तो म्हणू लागला की पाद्री हल्ली पिंपात तोंड घालून बोलतो. घरात त्याला सगळं नीट ऐकू यायचं, चर्चमध्ये मात्र, जिथे आवाज घुमतो तिथे, पिंप. सगळे हसले. तीन वर्षांत बापाला घरातलंही ऐकू येईना. लग्नाकार्यात तो टेबलाच्या टोकाला बसायचा आणि माणसं हसली की एक क्षण उशिरा हसायचा. कधी कधी माणसं मेलेल्यांबद्दल बोलत असली तरी हसायचा. ओइवाला ते हसू अजून दिसत असे.

इथेही तसंच नव्हतं का? कोरडा आवाज स्वच्छ, घुमारा आला की पिंप. मग यंत्राकडे कशाला बघायचं? त्यानं यंत्राकडे बघणं सोडून दिलं. सकाळी दाढी करताना तो कानाशी बोटं चोळून बघू लागला, उजवीकडे, डावीकडे. बोटांची खसखस ऐकू यायची, पण आधी किती यायची ते आता कोण सांगणार? डॉक्टरकडे जायला हवं होतं. गेला नाही. जाऊन जे कळणार ते माहीत होतं, आणि एकदा कागदावर आलं की ते घरात राहायला आलं. एका संध्याकाळी त्यानं शाळेतल्या संगीताच्या मास्तरला फोन करून सांगितलं की वसंतात मिक्सर आणि सगळं सामान शाळेला घेऊन जा, मुलांना होईल. मास्तर आश्चर्यानं आभार मानत राहिला, ओइवा हं हं करत राहिला. लेंपीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. फक्त सांत्रामावशीला शब्द दिला होता, तेवढं एक रेकॉर्डिंग उरकायचं आणि थांबायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

सांत्रामावशी त्या गावची नव्हती. चव्वेचाळीस साली युद्धात सीमा सरकून कारेलिया परक्या देशात गेला तेव्हा वीस वर्षांची सांत्रा तिथून एक गाय दोरीनं धरून चालत आणि मालगाडीनं इथवर आली. त्याला आता चोपन्न वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी ती बाहेरचीच. गाव आठवड्यात बोलतं तेवढं ती सकाळी चुलीशी बोलते, असं म्हणायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती पायानं ढकलायच्या घसरगाडीवरून बर्फातून सरसर यायची. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ती अशीच आली, गाडीच्या पाटीवर फडक्यात बांधलेल्या, पातळ पोळीत भात भरून भाजलेल्या पिरोग्या आणि वर उकडलेलं अंडं कुस्करलेल्या लोण्याची वाटी.

दारातूनच तिनं लेंपीला सांगितलं की तुमच्या वाटेवर वाळू टाकलेली नाही, माझं हाड मोडलं तर गाणं तुमच्या ओइवालाच म्हणावं लागेल. मग कॉफी. मग मागची खोली. गालिच्यांकडे बघून ती म्हणाली की एवढे गालिचे भिंतीवर आणि पायाखाली एकही नाही, हे कसलं घर. ओइवानं तिला मायक्रोफोनसमोर उभं केलं. ती गाईंना हाक मारायचं गाणं म्हणणार होती, तिच्या आईचं, संध्याकाळी जंगलातून गाई परत बोलवायचं. त्यात शब्द थोडे, गाईंची नावंच जास्त. डोकं थोडं मागे टाकून तिनं पहिली हाक दिली आणि स्वयंपाकघरात लेंपीच्या हातातली बशी खणखणली.

दोनदा म्हणून झालं. ओइवानं रेकॉर्डरची टेप मागे नेली, हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावले. पिंप. त्यानं मान हलवली, जणू सगळं ठीक आहे, आणि हेडफोन मावशीच्या डोक्यावरच्या रुमालावरून नीट बसवले.

मावशीनं ऐकायला सुरुवात केली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या गाईच्या नावापाशी तिनं हेडफोन काढले.

"ओइवा, हे काय आहे?"

"तुमचं गाणं."

"गाणं माझंच, ते कळलं. पण मी पिंपात बसले होते का गाताना?"

ओइवा तिच्याकडे बघतच राहिला. मावशीला वाटलं त्याला राग आला. तिला त्याचं काही नव्हतं. ती पुढे म्हणाली की या आवाजाला कुठली गाय येणार नाही, आणि आलीच तर पिंपाला शिंगं मारील.

"काय म्हणालात? पुन्हा सांगा," ओइवा म्हणाला.

"पिंप म्हटलं. पिंप."

"कसलं? पत्र्याचं की लाकडी?"

"लाकडी. रिकामं. खारवलेल्या मासळीचं असतं ना, तसं. मध्येच आवाज जातो, कडेकडेनं राहतो. तुला नाही ऐकू येत?"

ओइवा मुलीच्या जुन्या पलंगाच्या कडेवर बसला. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेंपी हातात फडकं घेऊन दारात आली. सगळा जानेवारी तिनं त्याचे दात बघितले नव्हते.

"शिव्या खाऊन एवढा खूश होणारा माणूस या गावात पहिल्यांदाच बघते आहे," मावशी लेंपीला म्हणाली. "याला काय झालं?"

मग ओइवानं सांगितलं. थोडं थोडं, मध्ये थांबत. विल्होचं, इर्याचं, पिंपाचं आणि बापाचं. दाढी करताना कानाशी बोटं चोळतो तेही सांगून टाकलं. शाळेतल्या मास्तरचंही. लेंपी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलली नाही. हेच त्या दिवशीचं मोठं आश्चर्य म्हणायचं. शेवटी तिनं विचारलं की एवढी माणसं आली, ऐकून गेली, त्यांतल्या एकालाही तोंड नव्हतं का.

"कॉफी घेतल्यावर कोण बोलणार," लेंपी म्हणाली.

"मला पण दिलीस की कॉफी."

"तुमचं वेगळं. तुम्ही कारेलियाच्या."

मावशीनं हे मानाचं म्हणून घेतलं. ओइवा मात्र लेंपीकडे बघत होता. तिनं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मलाही ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "पोकळ."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला तसंच हवंय. आणि खरं सांगू? सौना परत मिळाली होती, ओइवा."

मावशी मांडी थोपटून हसली.

त्या दोघी पिरोग्या खायला स्वयंपाकघरात गेल्या आणि ओइवा कामाला लागला. दोष कानात नाही, म्हणजे तो इथेच, या तीन वायरींत कुठेतरी आहे, आणि दोष शोधण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. त्यानं हेडफोन लावले, मावशीचं गाणं सुरू केलं आणि मूळ आवाज हेडफोनमधून पूर्ण काढून टाकला. फक्त यंत्राकडून परत येणारं ऐकायचं. तिथून नुसता घुमारा यायला हवा, चर्च रिकामं झाल्यावर मागे राहतो तसा. पण तिथून मावशी आली. आख्खी मावशी, शब्दांसकट, गाईंच्या नावांसकट, आणि तिच्या मागे घुमारा.

त्याला सगळं लख्ख दिसलं. गिटारवाल्याची गिटार त्या यंत्रातूनच जात असे, दुसरी वाट नव्हतीच. त्याला यंत्रातून आपला मूळ आवाजही हवा होता, अर्धा तो आणि अर्धा घुमारा. म्हणून ठिपका मध्यावर. इथे मूळ आवाज मिक्सरमधून आधीच सरळ जात होता. यंत्र त्याची आणखी एक नक्कल पाठवत होतं, आणि आकडेमोड करायला यंत्राला जो निमिषभर वेळ लागतो तेवढी ती नक्कल मागे पडत होती. घुमारा म्हणून ऐकू यावी इतकी मागे नाही. बरोबर जुळावी इतकी जवळही नाही. दोन्ही आवाज एकमेकांना खात होते आणि मधलं अंग नाहीसं होत होतं.

पांढऱ्या ठिपक्यावरून बटण हलवताना त्याचा हात जरा अडला. मग त्यानं ते उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं. हेडफोनमधली मावशी विरघळली आणि फक्त घुमारा उरला. आता त्यानं मूळ आवाज परत जोडला. मावशी समोर उभी राहिली, आणि तिच्या मागे, दूर, जंगलाच्या कडेशी, तिची हाक पोचून परत येत होती.

त्यानं दोघींना बोलावलं. मावशीनं या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"हं," ती म्हणाली. "आता येतील."

काय झालं होतं ते ओइवानं समजावलं, की तुम्ही दोन होतात, एक सरळ आलेली आणि दुसरी तिच्या मागून अर्ध्या पावलावर. मावशी म्हणाली की तिचा नवराही चर्चमध्ये असाच गायचा, अर्धं पाऊल मागून, आणि त्याला कुठलं बटण नव्हतं. मग तिनं लेंपीला उरलेल्या पिरोग्या ठेवून घ्यायला लावल्या, फडकं मागून घेतलं आणि निघताना वाळूची पुन्हा आठवण केली.

ओइवानं आधी मास्तरला फोन केला. सामान वसंतात मिळणार नाही, असं सांगितलं. कधी मिळेल ते सांगता येणार नाही. मास्तरनं ते मनावर घेतलं नाही, उलट कधीतरी मुलांना घेऊन ऐकायला येऊ का विचारलं. या म्हणाला.

विल्होला फोन करणं जड होतं. आपलं काम चुकलं, असं म्हणायचं होतं, आणि तेही ज्यानं चूक ऐकून न बोलता घेतली त्याला. चार-पाच वेळा वाक्य जुळवून पाहिलं. शेवटी भिंतीवरचा फोन उचलला. लेंपी बटाटे धूत होती, तिनं नळ बंद केला.

"विल्हो, तुझं पुन्हा रेकॉर्ड करायला हवं," तो म्हणाला. "चूक माझी. आवाज पिंपातून आल्यासारखा येत होता."

ओइवानं फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"व्हायोलिनची चूक नाही?" विल्होनं विचारलं.

"नाही. माझी जोडणी चुकली होती. एक बटण."

"नक्की?"

"नक्की. आज सापडली."

मग विल्होनं हळूहळू सांगितलं. त्या दिवशी हेडफोनमध्ये ऐकलं तेव्हा त्याला वाटलं की आजोबांचं व्हायोलिन आतून उकललं. म्हातारं लाकूड, यंदाची थंडी. कुठे दुरुस्तीला न्यायचं धाडस झालं नाही, न जाणो कारागीर म्हणेल की संपलं. घरी येऊन त्यानं तारा सैल केल्या आणि पेटी बंद करून कपाटावर ठेवली. पुतणीच्या मुलीचं लग्न होतं जूनमध्ये, तिला सांगून टाकलं की दुसरा कुणी बघ. जानेवारीपासून हात लावला नाही, म्हणाला.

"मग तेव्हाच का नाही बोललास?" ओइवानं विचारलं.

"तुला काय सांगणार? तुझ्या कानांना ते कळलं नसेल का? तू काही बोलला नाहीस म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलास, असं वाटलं मला."

ओइवा भिंतीला टेकला. दोघांनी एकमेकांना सांभाळत सगळा जानेवारी काढला होता, एकानं कपाटाकडे बघत, दुसऱ्यानं आरशाकडे.

"उद्या ये," तो म्हणाला.

"जरा थांब," विल्हो म्हणाला.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. मग पेटीच्या दोन कड्या उघडल्या, आणि बराच वेळ काही नाही. मग खुंट्या करकरल्या. एकेक तार वर चढू लागली. पहिली आली, दुसरी आली. तिसरी चढता चढता एका जागी थांबली, सुराच्या किंचित खाली, नखभर. ओइवाला ते भिंतीवरच्या जुन्या फोनमधून, दोन मैलांवरून, स्वच्छ ऐकू आलं. तो वाट बघत राहिला. खुंटी पुन्हा करकरली आणि तार जागेवर आली.

"ठेवला का त्यानं?" लेंपीनं विचारलं.

ओइवानं फोन कानाशी घट्ट धरला आणि एक बोट वर केलं, की जरा गप्प बस, आता वाजवतोय.